आधी ऊन, मग जाळ, शेवटी वीज

वीस लिटरची बादली घ्या. नळाचं पाणी २५ अंश सेल्सिअसचं, अंघोळीला हवं ते ४२ अंशांचं. एवढं पाणी विजेवर तापवायला साधारण ०.४ युनिट लागतं. तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा एलईडी बल्ब सलग ४४ तास जळतो. रोज पाच तास लावला तर जवळजवळ नऊ दिवस. घरात चौघं असतील तर एका सकाळच्या अंघोळीत तो दिवा महिनाभर पुरेल एवढी वीज संपते.

"दिवा बंद कर" ही हाक घराघरांत ऐकू येते आणि ती योग्यच आहे. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्रकाश फार स्वस्त झाला आणि उष्णता होती तिथंच राहिली. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला आजोबांच्या काळात जेवढी ऊर्जा लागायची तेवढीच आजही लागते. त्यात कोणताही शोध सूट देऊ शकत नाही. म्हणून घरखर्चात बचत करायची तर आधी उष्णतेकडे बघायला हवं. त्यासाठी एक क्रम सांगतो: आधी ऊन, मग जाळ, शेवटी वीज. कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात हा क्रम पाळणं महाराष्ट्रातल्या बऱ्याच ठिकाणांपेक्षा सोपं आहे, कारण इथं हिवाळ्याचं स्वच्छ ऊन आहे, उसाचं चिपाड आहे, गोठ्यात शेण आहे आणि सह्याद्रीच्या पाण्यावर तयार होणारी वीजही आहे.

आधी मीटर वाचा

घरातलं कोणतं उपकरण किती खातं हे दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा स्वतः पाहावं. डिजिटल मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. किती लुकलुकींचं एक युनिट होतं तो आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. घरातलं सगळं बंद करा आणि फक्त नऊ वॅटचा एक बल्ब लावा. दिवा दोन मिनिटांतून एकदा लुकलुकेल. आता बल्ब बंद करून दोन हजार वॅटचा गिझर लावा. सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुक होईल. हे मुलांनाही दाखवा. विजेचं बिल समजावून सांगणारा याहून चांगला धडा नाही.

मग घरातल्या वस्तूंची दोन गटांत यादी करा. गिझर, हीटर रॉड, इस्त्री, इंडक्शन शेगडी, ओव्हन हे उष्णता देणारे. दिवे, पंखे, टीव्ही, मोबाइलचा चार्जर हे दुसऱ्या गटात. पहिला गट थोडाच वेळ चालतो, पण बिल तोच फुगवतो. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० युनिटांनंतर दर चढत जातो. त्यामुळे उष्णतेवरचे चाळीस-पन्नास युनिट कमी झाले तर कमी होतात ते सगळ्यात महागडे युनिट.

वीज हा मुळात स्रोत नाही, हेही ध्यानात ठेवावं. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. त्या पाण्यावर आज वीजही तयार होते. सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. हे पाणी समुद्रातून उचलून सह्याद्रीवर आणून टाकणारा सूर्यच. पण महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते, आणि कोळशाच्या केंद्रात जळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज म्हणून बाहेर पडते. उष्णतेची वीज करायची, ती तारेतून आणायची आणि न्हाणीघरात तिची पुन्हा उष्णता करायची, हा फार लांबचा आणि महागडा वळसा आहे. वीज नसेल तर जी कामं अडतात, म्हणजे दिवा, पंखा, पंप, फोन, त्यांच्यासाठी ती राखून ठेवावी.

ऊन कुठून येतं ते शिका

सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो हे शाळेत शिकवतात, पण घर बांधताना किंवा गच्चीवर सोलर बसवताना तेवढ्यावर भागत नाही. सूर्यास्ताची जागा वर्षभर क्षितिजावर सरकत असते. कोल्हापुरात ती २१ जूनच्या सुमारास नेमक्या पश्चिमेच्या उत्तरेला साधारण २४ अंश असते आणि २१ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेला तेवढीच.

याचा उत्तम नमुना शहराच्या मध्यभागी आहे. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. परंपरेप्रमाणे पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. तारखांच्या दोन जोड्या का? १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे ४१ दिवस, आणि तिथून १ फेब्रुवारी हे ४२ दिवस. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो, उत्तरेकडे परतताना तितक्याच दिवसांनी पुन्हा तिथंच मावळतो. ती जागा पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला आहे. ज्यांनी मंदिराची आखणी केली त्यांनी आकाश वर्षानुवर्षं पाहिलेलं असणार.

याच किरणोत्सवात आणखी एक गोष्ट दिसते. किरणांच्या वाटेत इमारत, फलक किंवा वायर आली, क्षितिजाजवळ ढग, धूळ किंवा बाष्प जास्त असलं, की किरण अडतात किंवा फिके पडतात. म्हणून किरणांच्या वाटेतले अडथळे हा कोल्हापुरात दरवर्षीच्या चर्चेचा विषय असतो. जे देवळाच्या उन्हाचं, तेच आपल्या गच्चीच्या आणि शेजाऱ्याच्या गच्चीच्या उन्हाचं. वरचा मजला चढवताना, पाण्याची टाकी उभी करताना आपण कुणाचं ऊन अडवतो आहोत हे एकदा पाहावं. शेजाऱ्याची हवा आणि उजेड राखणं हाही शेजारधर्मच आहे.

दुपारच्या सूर्याचंही गणित माहीत हवं. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ६ मेच्या आसपास दुपारी साधारण साडेबाराला सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तसंच होतं, फक्त तेव्हा बहुधा ढग असतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. बाकी सगळं वर्ष तो दक्षिणेला. डिसेंबरअखेर तर दुपारीही तो दक्षिणेला कलून केवळ ५० अंश उंचीवर असतो.

यातून घरासाठी तीन गोष्टी निघतात.

पहिली, सोलर पॅनेल आणि पाणी तापवणारा सोलर बंब दक्षिणेकडे तोंड करून बसवायचा. वीज देणाऱ्या पॅनेलला साधारण १७ अंशांचा उतार पुरे. पाण्याच्या सोलरला मात्र २५ ते ३० अंशांचा उतार द्यावा, कारण गरम पाणी जास्त हवं असतं ते हिवाळ्यात आणि तेव्हा सूर्य खाली असतो.

दुसरी, दक्षिणेकडचा कठडा तपासा. डिसेंबरअखेर तीन फुटी कठड्याची सावली दुपारी अडीच फूट पडते, पण सकाळी नऊला ती तिरकी, साडेसहा फूट लांब असते. सोलर विकणारा माणूस मे महिन्यात येऊन गच्ची मोजून गेला तर त्याला ही सावली दिसणार नाही. तुम्हीच डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता गच्चीवर खडूनं सावल्यांच्या कडा आखून ठेवा. मध्ये जो भाग कोरा राहील तीच तुमची सोलरची जागा.

तिसरी, एप्रिल ते जूनमध्ये घर तापतं ते पश्चिम आणि वायव्य बाजूच्या भिंतींनी आणि वरच्या स्लॅबनं. त्या बाजूला छज्जा, जाड पडदा किंवा झाड हवं. स्लॅबवर उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरा चुना मारला तर बरंचसं ऊन परत जातं. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पत्र्याच्या घरात पत्र्याखाली हवा खेळती ठेवून आतून दुसरं छत घालावं.

अंघोळीचं पाणी

कोल्हापूरच्या जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा, काही ठिकाणी अजून आहे. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी, भोवती पाणी. जाळ नळीतून वर जातो आणि जाताना चहूबाजूंच्या पाण्याला उष्णता देत जातो. भांड्याच्या कडेनं निसटून जायला त्याला वाट नसते. तांबं उष्णता झटकन पुढं देतं. मूठ-दोन मूठ चिपाड, चार करवंट्या, एखादी शेणी एवढ्यावर घरादाराच्या अंघोळी होतात. ज्यांच्याकडे असं फुकटचं जळण आणि मोकळं अंगण आहे त्यांनी बंब मोडीत काढू नये. जाळी आणि नळी यांतली राख रोज काढावी, नळीच्या आतली काजळी महिन्यातून एकदा घासावी आणि बंब पेटता असताना त्यात पाणी कमी पडू देऊ नये.

शहरातल्या घराला सोलर बंब चांगला. दिवसाला १०० लिटरचं यंत्र तिघा-चौघांना पुरतं. नोव्हेंबर ते मे आपल्याकडचं आकाश बहुतांशी मोकळं असतं, त्यामुळे ज्या महिन्यांत गरज जास्त त्याच महिन्यांत पाणीही चांगलं तापतं. जून ते सप्टेंबर मात्र त्याच्यावर विसंबू नये. बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साठतात. अशा घरांनी दरवर्षी सफाई करून घ्यावी. गरम पाण्याची पाइप लांब असेल आणि तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण नसेल तर गच्चीवर तापलेलं पाणी खाली येईपर्यंत कोमट होतं. तोटी उघडल्यावर आधी येणारं थंड पाणी बादलीत धरा, ते धुण्याभांड्याला वापरा.

विजेचा गिझर असेल तर तापमान ६० अंशांवर ठेवण्याची गरज नाही. ४५ ते ५० पुरे. सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरकल्या तर टाकीतली उष्णता भिंतींतून वाया जात नाही. बादलीत सोडायच्या रॉडबद्दल एकच नियम: रॉड चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, मगच हात. लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत रॉड लावूच नये, आणि घरात अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच आहे ना याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी.

गॅस गिझरबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणूस दार उघडण्याआधीच कोसळू शकतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. तेवढी जागा नसेल तर तो घेऊच नये. थंडीत दार-खिडक्या लावून खोलीत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपणंही तितकंच घातक आहे. कुणाला असा त्रास झालाच तर दारं-खिडक्या उघडून त्या माणसाला लगेच बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि वेळ न घालवता दवाखान्यात न्या.

जाळ कसा राखावा: गुऱ्हाळाकडून शिकावं

दसरा-दिवाळीनंतर कोल्हापूर परिसरातल्या शिवारांत गुऱ्हाळं सुरू होतात. २०१४ साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गुळामागचं जळण बाहेरून येत नाही. ज्या उसाचा रस काईलीत असतो त्याच उसाचं चिपाड खाली चुलवाणात जळतं. वरचा गोडवा आणि खालचा जाळ, दोन्ही त्या पिकानं वर्षभर खाल्लेल्या उन्हातून आलेले.

चुलवाणाच्या तोंडाशी थोडा वेळ थांबून पाहा. चिपाड आधी अंगणात पसरून कडक वाळवलेलं असतं, कारण घाण्यातून नुकतं बाहेर पडलेल्या चिपाडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि तसंच घातलं तर जाळ त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतो. जळण सारणारा माणूस एकदम भारा कोंबत नाही. थोडं थोडं, पण हात न थांबवता घालत राहतो. त्यामुळे जाळ सारखा राहतो आणि धूर कमी होतो. वर गुळव्या मळी काढतो, भेंडीच्या रसानं रस स्वच्छ करतो, आणि शेवटी पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बोटांनी पाहतो. तेव्हा पाक साधारण ११८ अंशांवर असतो. त्या क्षणाच्या थोडं आधीच खालचा जाळ कमी केला जातो, कारण चुलवाणाच्या विटा तापलेल्या असतात आणि जाळ ओढून घेतला तरी काईल तापतच राहते. उशीर झाला तर गूळ काळवंडतो.

घरच्या चुलीला हेच नियम लागू आहेत. जळण आदल्या उन्हाळ्यातच वाळवून आडोशाला रचा. लाकूड बारीक चिरा, थोडं थोडं घाला. खालून वारा लागेल अशी चुलीत जागा ठेवा. काळा धूर म्हणजे न जळलेलं इंधन. तो दिसला की एकतर जळण ओलं आहे किंवा हवा अपुरी. तीन दगडांच्या उघड्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा फार थोडा भाग भांड्याला लागतो. भांडं तोंडावर नीट बसणारी, धुराडं असलेली सुधारित चूल जळण वाचवते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईचे डोळे आणि फुप्फुसं वाचवते.

गॅस असो की इंडक्शन, एक गोष्ट ध्यानात ठेवा. उकळी आली की पाण्याचं तापमान वाढत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, म्हणून इथं पाणी साधारण ९८ अंशांलाच उकळतं. पांढरा रस्सा असो की तांबडा, उकळी फुटल्यावर मोठ्या जाळावर तो लवकर होत नाही. फक्त वाफ जास्त निघते आणि गॅस जास्त जळतो. उकळी आली की जाळ बारीक करा, झाकण ठेवा. मटण आणि कडधान्य शिजवायला कुकर लावा, त्यात दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. कडधान्य रात्री भिजत घाला. भांड्याच्या बुडापेक्षा जाळ मोठा नको. जी ज्योत भांड्याच्या बाहेरून वर येते ती खोली तापवते.

ज्यांच्या दारात चार-पाच जनावरं आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार जरूर करावा. दुधाच्या या जिल्ह्यात शेणाला तोटा नाही. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून दिवसाला एक घनमीटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, आणि त्यातून मिळणारा गॅस पाऊण ते एक किलो सिलिंडरच्या गॅसचं काम करतो. बाहेर पडणारी स्लरी उसाला खत म्हणून जाते, म्हणजे शेणाचं खतही बुडत नाही. थंडीत गॅस कमी येतो, कारण गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते. त्या दिवसांत शेण कोमट पाण्यात कालवून घालावं. टाकी भर उन्हात असावी, झाडाखाली नसावी.

शेणीचं एक काम मात्र वेगळं आणि मोठं आहे. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कारासाठी शेणी वापरल्या जातात आणि कोल्हापूरची माणसं होळी लहान करून शेणी तिथं दान देतात. तुमच्या तालमीनं, मंडळानं, गल्लीनं अजून हे सुरू केलं नसेल तर या होळीला करा. जाळ कुठं खर्च करायचा हे ठरवण्यात माणुसकीही असते, ते हे शहर दाखवत आलं आहे.

प्रकाश: तापवून आणि न तापवता

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रींमध्ये वितळलेलं लोखंड साधारण १,४०० अंशांवर साच्यात ओतलं जातं. तिथल्या जुन्या कामगाराला धातूचा रंग पाहून तापमान कळतं. तापलेला कोणताही पदार्थ आधी मंद लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरा दिसतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास आहे, म्हणून त्याचा प्रकाश पांढरा. जुन्या पिवळ्या बल्बची युक्ती हीच होती: टंगस्टनची तार अडीच हजार अंशांपर्यंत तापवायची की ती उजळते. पण त्यात साधारण पाच टक्केच वीज डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात जाते, उरलेली उष्णतेत. तो बल्ब खरं तर हीटरच होता. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला तो अजून वापरतात ते योग्यच, पण अभ्यासाच्या टेबलावर त्याचं काम उरलेलं नाही.

एलईडी पदार्थाला न तापवता विजेपासून सरळ प्रकाश काढतो. लाल आणि हिरवे एलईडी आधीच होते. निळ्या एलईडीमुळे पांढरा प्रकाश शक्य झाला आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निसर्गानं ही किमया फार आधी साधली आहे. मेच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला की राधानगरीच्या जंगलात काजवे झाडांवर लुकलुकतात. त्यांच्या पोटातल्या रासायनिक क्रियेतून येणाऱ्या प्रकाशाबरोबर उष्णता जवळजवळ नसतेच. तो प्रकाश म्हणजे नराची मादीला साद असते. काजवे पाहायला जाल तेव्हा टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश आणि गाडीचे दिवे बंद ठेवा, नाहीतर त्यांची ती साद कुणापर्यंत पोहोचत नाही.

घरात दिवे घेताना वॅटबरोबर खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा पाहा. तो प्रकाशाचं माप सांगतो. नऊ वॅटच्या चांगल्या एलईडीतून आठशे-नऊशे ल्युमेन मिळतात, जुन्या साठ वॅटच्या बल्बच्या तोडीचे. झोपण्याच्या खोलीत ३,००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर दिवा घ्या, स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या जागी पांढरा. सगळी खोली लख्ख उजळण्यापेक्षा वहीवर पडणारा एक टेबललॅम्प जास्त उपयोगी. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला तो डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. छत पांढरं ठेवा. दिवसा तर सूर्यच पुरे: खिडकीतून येणारा उजेड अडवणारं कपाट हलवलं, काच पुसली तरी एक दिवा कमी लागतो.

गच्ची मोकळी असेल तर आता वीजही तिथंच तयार होऊ शकते. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तिसऱ्याला १८ हजार असं मिळून जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचं अनुदान ठरलं. सध्याचे नियम आणि नेट मीटरची पद्धत महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या. पण आधी पाण्याचा सोलर, मग विजेचा. आधी गरज कमी झाली की पॅनेलही कमी लागतात.

पावसाळा, वीज आणि महापूर

वळवाच्या दिवसांत आकाशातली वीज हाही उष्णतेचा आणि प्रकाशाचा स्रोतच आहे, पण काही क्षणांसाठी सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कितीतरी तप्त. गडगडाट ऐकू आला की शेतातून पक्क्या घरात या, एकट्या झाडाखाली थांबू नका, टीव्ही आणि पंपाचे प्लग काढून ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देतं. शेतकऱ्यांनी ते फोनवर ठेवावं.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको की पंचगंगा पात्राबाहेर आली की अनेक भागांत वीज जाते आणि लवकर येत नाही. गच्चीवर सोलर असलं तरी साध्या पद्धतीची यंत्रणा तेव्हा बंद पडते, कारण बाहेरची वीज गेली की ती सुरक्षेसाठी आपोआप थांबते. म्हणून जूनच्या आधीच एवढी तयारी करा:

- बॅटरीचे दोन दिवे आणि एक पॉवर बँक चार्ज करून वरच्या कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा.
- कंदील असेल तर काच पुसून, वात कापून ठेवा. पेटत्या कंदिलात कधीही तेल भरू नका. मेणबत्ती ताटलीत थोडं पाणी घालून तिच्यात उभी करा, पडद्यापासून लांब.
- पाणी घराजवळ येऊ लागलं की मेन स्विच बंद करा. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर वर न्या. तो पाण्यावर तरंगतो आणि आदळतो.
- पूर ओसरल्यावर बोर्ड कोरडा दिसला म्हणून स्विच चालू करू नका. वायरमननं तपासल्याशिवाय वीज घेऊ नका. भिजलेला गिझर आणि मोटार आधी दुरुस्तीला द्या.

कुठून सुरुवात करावी

सगळं एकदम करायला पैसे लागतात आणि ते सगळ्यांकडे नसतात. म्हणून बिनखर्चाची कामं आधी करा: या आठवड्यात मीटर वाचा, गिझरचं तापमान खाली आणा, उकळी आल्यावर जाळ बारीक करायची सवय लावा, खिडकीसमोरचं कपाट हलवा. पुढच्या महिन्यात थोड्या खर्चाची: राहिलेले जुने बल्ब बदला, गरम पाण्याच्या पाइपला वेष्टण घाला, स्लॅबला चुना मारा, न्हाणीघरातला गॅस गिझर बाहेर काढा. हे शेवटचं काम मात्र पैसे नसले तरी उसने घेऊन करा. मोठा खर्च त्यानंतर: आधी पाण्याचा सोलर किंवा गोठा असेल तर गोबरगॅस, आणि सगळ्यात शेवटी गच्चीवरची वीज. या क्रमानं गेलात तर प्रत्येक पायरीवर वाचलेला पैसा पुढच्या पायरीला उपयोगी पडतो, आणि गच्चीवर पॅनेल चढायच्या आधीच बिल खाली आलेलं असतं.